लाल झाकण

रास्ता पेठेत, दुसऱ्या मजल्यावर, डोळ्यांचा वॉर्ड.
रात्रपाळीला आले की आधी अंगठी काढते,
रुमालाच्या टोकात गाठ मारून ठेवते.
मग नळ.
तळहात, पंजाची पाठ, बोटांच्या बेचक्या.
अंगठा सगळे विसरतात.
एल्सी सिस्टर म्हणायच्या,
"अंगठा राहिला तर समज,
उंबरा धुतलास नि दार उघडं टाकलंस."
नळ कोपरानं बंद करायचा असतो.
आमचा कोपराचा नळ तीन महिने बिघडलाय,
म्हणून कागदाच्या तुकड्यानं.
एका खाटेपासून दुसरीपर्यंत चार पावलं,
त्या चार पावलांत परत एकदा हात.
हिवाळ्यात बोटांची पेरं तडकतात.
घरी लिंबू पिळताना कळतं.

सात वर्षं झाली त्या रात्रीला.
वॉर्डात दोन पासलकर होत्या.
हिराबाई वेल्ह्याच्या, मोतीबिंदू, सकाळी ऑपरेशन.
चंद्रभागाबाई पानशेतकडच्या, काचबिंदू.
जावाजावा. बांधावरून वीस वर्षं अबोला.
एकीची बाहुली मोठी करायची होती, लाल झाकणाच्या बाटलीनं.
दुसरीच्या डोळ्यात तोच थेंब म्हणजे
भरल्या हंड्यावर गच्च झाकण.
हे मला पाठ होतं. परीक्षेत मार्क पडले होते.

पण नऊ नंबरचा पंखा बंद पडला
आणि संध्याकाळच्या पाळीनं खाटा बदलल्या,
कागद मात्र जुन्याच खाटेला लटकत राहिला.
ट्यूब फडफडत होती.
तोंडावर मास्क.
मी विचारलं, "हिराबाई पासलकर ना?"
"व्हय," म्हातारी हसली.
हनुवटी वर केली, शहाण्या पोरीसारखी.
मी खालची पापणी ओढली,
बाटलीचं टोक पापणीच्या केसाला लागू नये
एवढी काळजी घेतली.
एवढीच घेतली.

थेंब टोकाशी फुगला होता
तेव्हा पलीकडून अंधारातून आवाज आला,
"अगं ए, ती ठार बहिरी हाय!
यमाचं नाव घेऊन इचारलंस
तरी व्हय म्हणंल.
हिराबाई मी हाय."

थेंब माझ्या अंगठ्यावर पडला.

ज्या बाईला माझं तोंड दिसत नव्हतं
तिनं मला ऐकलं होतं.
जिनं ऐकलं नव्हतं
ती अजून तशीच, डोळा उघडा ठेवून, वाट बघत होती.

मनगटावरची पट्टी तेव्हा वाचली.
मग झाकण लावलं. मग हात धुतले,
उगाच, खूप वेळ.

पहाटे काच असलेल्या दारापाशी, दूर उभी राहून
मी मास्क खाली केला आणि ओठ हलवून विचारलं,
न ऐकता हो कशाला म्हणता?
चंद्रभागाबाईंनी माझे ओठ बघितले नि म्हणाल्या,
"व्हय म्हटलं की माणसं लवकर जात्यात, बाई.
काय काय म्हटलं की वरडत्यात."

घटनेच्या फॉर्मवर एक रकाना असतो, झालेली इजा.
तिथं मी लिहिलं, निरंक.
मेट्रनबाईंनी वाचलं, चष्मा काढला,
आणि फॉर्म फाडला नाही.

आता रुक्साना बागवान माझ्या हाताखाली शिकते.
योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा,
योग्य मार्ग, योग्य वेळ: तिला घडाघडा येतं.
मी तिला म्हणते, नाव सांगून विचारू नकोस.
"तुमचं नाव काय?" असं विचार. आणि थांब.
उत्तर येईपर्यंत थांब.
ऐकू येत नसेल तर समोर जा, उजेडात,
खांद्याला हात लाव,
मग पट्टी. मग परत पट्टी.
ती म्हणते, "मॅडम, एवढ्यानं पाळी संपायची नाही."
नाही संपत.

सकाळी रुमालाची गाठ सोडत बसस्टॉपवर येते.
पुढे दुधाची गाडी, मागे रिक्षांचे हॉर्न.
कंडक्टर काहीतरी विचारतो.
डोळे मिटायला आलेले. मी म्हणते, "हो."
हातात कात्रजचं तिकीट पडतं.
मी पद्मावतीला उतरते.